गंगाराम गुरुजींचं स्वच्छ खळं

गंगाराम तांबे गुरुजींना या जगात एकच माणूस शहाणा वाटत आला, आणि तो त्यांना रोज सकाळी दाढी करताना आरशात भेटायचा. उरलेल्या जगाच्या त्यांनी दोन तुकड्या पाडल्या होत्या: एक नापास झालेली आणि दुसरी नापास होणारी. मिरजोळ्याच्या अंगाला कारखान्यांची वसाहत संपून कातळ सुरू होतो, तिथल्या बौद्धवाडीत त्यांचं घर. सारी हयात जिल्हा परिषदेच्या शाळांवर हेडमास्तरकी करण्यात गेली. सरकारनं वेळेवर निवृत्त केलं, पण ते सरकारचं मत. गुरुजींनी ते मनावर घेतलं नाही. कुणाच्या घरची लग्नपत्रिका आली की लाल पेनानं तिच्यातल्या चुका काढून ती ते नवरदेवाच्या बापाकडे परत पाठवत. एसटीच्या थांब्यावर लोकांना रांग शिकवत, आणि कुणी जांभई दिली तर तोंडावर हात ठेवायला सांगत. लोक "होय गुरुजी" म्हणत आणि रस्त्याला वळण आलं की हसत. ते हसणं गुरुजींनी कधी ऐकलं नाही, कारण ऐकायची त्यांच्या कानांना सवयच नव्हती.

दर रविवारी विहारात वंदना घ्यायचं काम त्यांच्याकडे होतं. आवाज खणखणीत, उच्चार चोख. प्राणिमात्राच्या हिंसेपासून दूर राहण्याची शपथ ते अशा काही थाटात म्हणून घेत, की ती समोर बसलेल्यांना लागू आहे आणि म्हणून घेणाऱ्याला माफ, असं कुणालाही वाटावं. घरी आल्यावर सदरा खुंटीवर टांगायचा आणि त्याच खुंटीवरची शिमटी हातात घ्यायची. निगडीची छडी, बोटाएवढी जाड, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. कुणाला मारायचं नसलं तरी ती हातात असल्याशिवाय गुरुजींना बोलणं सुचत नसे. त्यांच्या बायकोला, सावित्रीबाईंना, लग्नानंतर त्यांनी लिहावाचायला शिकवलं होतं, आणि याचा दाखला ते भाषणात देत. शिकवल्यानंतर ती काय म्हणते हे मात्र त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

अशा या घरात कुत्रा आला तो माकडांमुळे. घरामागच्या उतारावर गुरुजींची हापूसची थोडी कलमं होती. दर मोसमात माकडांची टोळी यायची, आंबा अर्धा खायची आणि अर्धा गुरुजींच्या कौलांवर फेकायची. गुरुजींनी माकडांनाही शिस्त लावायचा प्रयत्न केला, पण माकडं झाडावर आणि शिमटी जमिनीवर. शेवटी कारखान्यांच्या रस्त्यावर चहाच्या टपरीखाली पडलेलं एक तांबडं पिल्लू त्यांनी उचलून आणलं. नाव ठेवलं शिपाई. उभ्या नोकरीत त्यांच्या शाळेला शिपाई मिळाला नव्हता. अर्ज करून करून दमले होते. आता सरकारनं दिला नाही तो टपरीवाल्यानं दिला, असं ते म्हणत, आणि हा त्यांच्या आयुष्यातला एकमेव विनोद असल्यामुळे पुनःपुन्हा म्हणत.

शिपायाचं पहिलं भांडण झालं ते खळ्याशी. पावसाळा सरला की सावित्रीबाई घरापुढची जमीन चोपून चोपून पाट्यासारखी करत आणि शेणानं सारवत. मग पुढचा पाऊस येईपर्यंत दर आठवड्याला नवा हात. हे खळं म्हणजे गुरुजींची इभ्रत होती. पाचोळ्याचं पान पडलेलं दिसलं तरी ते बायकोला हाक मारत. वाकून उचलणं हेडमास्तराचं काम नव्हे. पिल्लानं आल्या आल्या या ताज्या सारवलेल्या खळ्याच्या ऐन मध्यावर बसून आपला कार्यभाग उरकला. गुरुजींनी त्याची मान पकडली, नाक त्या घाणीत घासलं आणि शिमटी ओढली. पिल्लू केकाटलं. दुसऱ्या दिवशी पिल्लानं तेच केलं आणि गुरुजींनीही तेच केलं. दोघांपैकी अधिक हट्टी कोण, हे सांगणं अवघड होतं. वयानं मोठं कोण, एवढं मात्र ठाऊक होतं.

थोड्या दिवसांनी चमत्कार झाला. खळ्यात घाण दिसेनाशी झाली. गुरुजी सकाळी उठून पाहतात तो खळं स्वच्छ. दुपारी पाहतात तो स्वच्छ. त्यांची छाती अशी फुगली, की सदऱ्याची बटणं ताणली गेली. शेजारचे दादू मुंबईला रखवालदाराची नोकरी करून परत आलेले. त्यांना खळ्याच्या कडेला उभं करून गुरुजींनी व्याख्यान दिलं.

"बघा दादू. जनावर आहे, पण शिस्त कळते. माणसांना कळत नाही."

"पन मग तो जातो कुठं, गुरुजी?" दादूंनी विचारलं.

"कुठंही जाईल. कातळ मोकळा पडलाय."

दादूंनी मान हलवली. त्यांनी शिपायाला कातळाकडे जाताना कधी पाहिलं नव्हतं, पण गुरुजींना उलट विचारायची वाडीत पद्धत नव्हती.

उत्तर मिळालं ते दिवाळीच्या सुट्टीत. गुरुजींचा मुलगा अमरदीप मुंबईत विमा कंपनीच्या कचेरीत कामाला. तो, त्याची बायको दर्शना आणि पहिलीतली वेदिका सुट्टीला आली होती. या नातीसाठी गुरुजींच्या कडक देहात कुठंतरी एक मऊ कोपरा होता, आणि तो लपवायला त्यांना फार कष्ट पडत. ती आली की ते तिला पाढे म्हणायला लावत. प्रेम करायची दुसरी रीत त्यांना ठाऊक नव्हती. नाक घासून शिपायाला शिस्त कशी लावली, तेही त्यांनी तिला आल्या दिवशीच सांगितलं. वेदिका दिवसभर शिपायाच्या गळ्यात पडलेली आणि शिपाई तिचं तोंड चाटतोय. एका सकाळी दर्शना चहाचा कप घेऊन ओटीवर आली आणि किंचाळली. शिपाई खळ्याच्या कडेला उभा राहून स्वतःचीच विष्ठा खात होता. घाईघाईनं, शेपूट पायांत घालून, एक डोळा घराच्या दाराकडे ठेवून. खाऊन झाल्यावर त्यानं जमीन चाटली. खळं पुन्हा स्वच्छ झालं. गुरुजींच्या शिस्तीचं रहस्य ते हे असं होतं.

गुरुजी शिमटी घेऊन धावले, शिपाई तोंडात होतं ते गिळून पळाला, कपातला चहा सांडला, वेदिका रडायला लागली. पाहुणे आणखी चार दिवस राहायचे होते ते दुसऱ्याच दिवशी निघाले. मुंबईला पोचल्यावर दर्शनाचा फोन आला. ती शांतपणे म्हणाली, "आबा, तो प्रकार थांबेपर्यंत मी वेदिकाला मे महिन्यात पाठवणार नाही."

मे महिन्याची सुट्टी नातीनं आजोबांकडे काढायची, हा दोन वर्षांचा रिवाज. गुरुजींना तो फोन झोंबला. पण झोंबलं असं कबूल करण्यापेक्षा सुनेला नावं ठेवणं सोपं होतं.

"दाभोळच्या बंदरावर मासळीच्या वासात वाढलेली पोरगी, आणि आता मुंबईचं नाक आलंय! नाकानं कांदे सोलतेय!" ते बायकोला म्हणाले. "मे महिना यायच्या आत त्या कुत्र्याला सरळ करतो की नाही, बघच."

"बगतंय," सावित्रीबाई म्हणाल्या, आणि भाकरी थापू लागल्या.

मग सुरू झाला शिपायाचा सुधार. वाडीतल्या एकेका शहाण्यानं एकेक उपाय सांगितला, आणि गुरुजींनी प्रत्येकाला मूर्ख ठरवून प्रत्येकाचा उपाय करून पाहिला. दादू म्हणाले, त्याच्यावर तिखट टाका. गुरुजींनी घरचं लाल तिखट मूठभर टाकलं. शिपायानं खाल्लं, शिंकला, पाणी प्यायला, आणि दुसऱ्या वेळी तिखट नसलेला भाग निवडून खाल्ला. कुणा पोरानं मोबाइलवर पाहिलं होतं की अननस खायला घातला की ती वस्तू जनावराला कडू लागते. गुरुजींनी मोबाइलची अक्कल काढली आणि बाजारातून गुपचूप अननस आणला. शिपायाला अननस आवडला. नंतरची वस्तूही आवडली. त्यानंतर खुद्द गुरुजींच्या डोक्यातून एक कल्पना निघाली. मळणीच्या वेळी बैलानं भात खाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला काथ्याचं मुसकं बांधतात. तसलं एक लहान मुसकं त्यांनी विणून घेतलं आणि शिपायाच्या तोंडाला बांधलं. शिपायानं तोंड खुपसायचं ते खुपसलंच. खाता आलं नाही, पण मुसक्याच्या भोकाभोकांतून सगळं माखलं, आणि तसंच माखलेलं तोंड घेऊन तो ओटीवर येऊन गुरुजींच्या धोतराला लागला. धुणं सावित्रीबाईंच्या वाट्याला आलं.

प्रत्येक फजितीनंतर शिमटी चालायचीच. गुरुजींचं साधं गणित होतं: मारूनही सुधारला नाही, याचा अर्थ मार कमी पडला. याच गणितावर त्यांनी पिढ्या पास केल्या होत्या. ज्या पास झाल्या नाहीत त्यांना ते हिशेबात धरत नसत.

शेवटी फेब्रुवारीत, आंब्याला कैरी धरल्यावर, ते शिपायाला रिक्षात घालून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेले. शिपाई गुरुजींजवळ बसेना, म्हणून त्याला धरायला सावित्रीबाईंना न्यावं लागलं. डॉक्टर निघाली शमिका नावाची एक तरुण मुलगी. तिला पाहूनच गुरुजींनी मनात तिचे मार्क कापले.

"खायला काय देता?" तिनं शिपायाच्या बरगड्या चाचपत विचारलं.

"पेज आणि भात. दुपारी एकदा. आमच्या लहानपणी माणसांनाही एवढंच मिळायचं."

"आणि हगल्यावर काय करता?"

गुरुजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मलविसर्जन म्हणावं," ते म्हणाले. "नाक घासतो त्यात. आणि शिमटी. लहान होता तेव्हापासून. माझ्याकडून हयगय झालेली नाही."

"दिसतंय," डॉक्टर म्हणाली. "काका, कुत्री असं का करतात याची कारणं बरीच असतात. पोट भरत नाही, जंत असतात, खाल्लेलं अंगी लागत नाही, दिवसभर करायला काही नसतं. पिल्लांना तर हुंगून, चाखून बघायची खोडच असते, आणि वाढत्या वयात ती बहुतेक वेळा सुटते. पण तुम्ही याला एक धडा पक्का शिकवलात. खळ्यात विष्ठा दिसली की मार बसतो. करणं त्याच्या हातात नाही. दिसू न देणं तेवढं हातात आहे. म्हणून तो ती दिसू देत नाही."

"आणि मी धावून गेलो की आणखी घाईनं गिळतो, ते?"

"तुम्ही धावून जाता म्हणूनच गिळतो."

गुरुजींना हे उत्तर उद्धट वाटलं. "पण नेमका खळ्यातच का बसतो? एवढा कातळ सोडून?"

"खळं कशानं सारवता?"

"शेणानं. खळं आणखी कशानं सारवतात?"

डॉक्टरनं हसू दाबायचा प्रयत्न केला, तो फसला. "म्हणजे दर आठवड्याला तुम्ही अंगणभर शेण फासता, आणि मग कुत्र्यानं तिथं घाण केली म्हणून त्याला झोडता? त्याच्या नाकाला विचारा की. त्याला वाटत असणार, घरची माणसं आपल्यासाठी जागा ताजी करून ठेवतात."

सावित्रीबाईंनी पदर तोंडाला लावला. गुरुजींनी पाहिलं, त्यांचे खांदे हलत होते.

डॉक्टरनं मग उपाय सांगितले. जंताची गोळी. दोन वेळा पोटभर खाणं, त्यात अंडं किंवा मासळी. सकाळ-संध्याकाळ दोरी बांधून कातळावर न्यायचं. तो मोकळा झाला रे झाला की ते लगेच उचलून टाकायचं. समोर राहिलंच नाही तर खाणार काय? आणि त्याच वेळी त्याला हाक मारायची, तो वळून आला की तोंडात काहीतरी आवडीचं द्यायचं. ओरडायचं नाही. मारायचं तर मुळीच नाही. "महिना-दोन महिने लागतील," ती म्हणाली, "आणि मध्ये एखादवेळी चुकला तरी धीर सोडू नका."

गोळी सरकारी होती, ती गुरुजींनी घेतली. बाकीचा सल्ला परतीच्या रिक्षातच बाहेर फेकून दिला. "कालची पोर! कुत्र्याची विष्ठा उचलायची, आणि वर त्याला बक्षीस द्यायचं! उद्या म्हणेल त्याला ओवाळा!" ते घरापर्यंत बडबडत होते. रिक्षावाला "होय गुरुजी" म्हणत होता.

दुसऱ्या दिवसापासून, गुरुजी सकाळच्या फेरीला आणि जगाच्या चुका काढायला बाहेर पडले की सावित्रीबाई शिपायाला दोरी बांधून कातळावर नेऊ लागल्या. एका हातात खुरपं आणि पत्र्याचा डबा, कमरेला सुक्या बांगड्याच्या तुकड्यांची पुरचुंडी. "शिपाया, हिकडं बग" म्हटलं की शिपाई वळायचा, तुकडा मटकवायचा, आणि तोवर डब्यात भरून झालेलं असायचं. पहिले काही दिवस तो वळायचा नाही. नंतर वळू लागला. आणि मग मोकळा झाला की आपण होऊनच धावत येऊन त्यांच्या कमरेकडे पाहू लागला. संध्याकाळी गुरुजी एसटीच्या थांब्यावर गेले की दुसरी फेरी, आणि पोटभर दुसरं जेवण. खळं त्यांनी शेणाऐवजी तांबड्या मातीनं सारवलं. गुरुजींच्या ते लक्षातही आलं नाही. ते खळ्यावरची घाण पाहायचे, खळं कधीच पाहत नसत.

एप्रिल सरता सरता शिपायाच्या बरगड्या झाकल्या गेल्या, अंगावर तुकतुकी आली. गुरुजींनी आठवडाभर त्याच्यावर नजर ठेवली. कुठं काही आढळलं नाही. झालं! विहारात त्यांनी जाहीर केलं की शिस्तीपुढं जनावरही नमतं. आयत्या बिळावर नागोबा बसतो तो तरी गुपचूप बसतो. हे फणा काढून डोलत होते. सावित्रीबाई मागच्या ओळीत बसून ऐकत होत्या. रात्री त्यांनी अमरदीपला फोन करून एवढंच सांगितलं, "कुत्रा बरा झाला. येवा."

आणि ती तिघं आली. बुद्धपौर्णिमा दोन दिवसांवर होती, वाडीत माणसं भरली होती. चहा होतो न होतो तोच गुरुजींनी परीक्षा जाहीर केली. सुनेच्या डोळ्यांदेखत दाखवून दिल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं. दादूंना बोलावलं, आणखी दोघांतिघांना बोलावलं. ओटीवर खुर्च्या मांडल्या. सावित्रीबाई म्हणाल्या, "अवो, नको ता. माज्याबरुबर जाऊ द्या त्याला कातळावर." गुरुजींनी हात झटकला. त्यांनी खुंटीवरची शिमटी घेतली, कारण भाषण करायचं होतं, आणि शिपायाला दोरीनं ओढत खळ्याच्या मध्यावर आणलं.

"हा कुत्रा," त्यांनी सुरुवात केली, आणि शिमटी शिपायाकडे रोखली.

शिपायानं शिमटी पाहिली. त्याचे कान पडले, आणि तो तिथंच, भरल्या सभेत, खाली बसला. भीतीनं त्याचं पोट सुटलं. दादूंनी नाकाला हात लावला. शिपायानं एकदा त्यांच्याकडे वर पाहिलं, मग वळला आणि मान खाली घालून घाईघाईनं खाऊ लागला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

कुणीतरी हसलं. या वेळी वळण येईपर्यंत थांबलं नाही, आणि या वेळी गुरुजींनी ते ऐकलं.

"हरामखोर!" ते गरजले. "आजच्या आज पोत्यात घालतो आणि बंदरावर सोडून येतो!" आणि त्यांनी शिमटी उगारली.

"आजोबा, नको!" वेदिका ओरडली. आईचा हात सोडून ती दोन पावलं पुढं आली आणि थांबली. "त्याला नका मारू. त्यानं साफ केलं ना! बघा, साफ केलं!"

शिमटी वरच राहिली. दर्शना उठली आणि तिनं वेदिकाला जवळ ओढलं. दादूंना परिस्थिती कळली. त्यांनी बाकीच्यांना खुणावलं आणि ते सगळ्यांना घेऊन निघून गेले. खळ्यात घरचीच माणसं राहिली.

"आबा," दर्शना म्हणाली, "मी दाभोळची आहे. कुत्री काय काय खातात ते बंदरावर मी लहानपणापासून बघितलंय. कुत्र्याचं निमित्त होतं."

"निमित्त? कशाचं निमित्त?"

"दिवाळीत आली तेव्हा हिनं एका रात्री अंथरूण भिजवलं. अजून होतं कधी कधी. मुंबईत झालं की मला उठवते, मी बदलते, ती झोपते. इथं तिनं मला उठवलं नाही. ओली चादर घडी करून खाटेखाली खोल सरकवलीन आणि उघड्या गादीवर बसून राहिली. मी विचारलं, तर म्हणाली, आजोबांना दिसली तर शिपायासारखं नाक घासतील." दर्शनाचा आवाज चढला नव्हता. "मी पोरीला इथं कशी ठेवू, तुम्हीच सांगा."

गुरुजींनी वेदिकाकडे पाहिलं. वेदिका आईच्या मागं गेली.

"मी... मी पोरीवर हात उगारीन?" ते म्हणाले. त्यांना धक्का बसला होता, आणि धक्का बसला की ते भाषणाकडे वळत. "शिस्त म्हणजे मार नव्हे. धाक असावा लागतो. अमरदीपला विचार! याच घरात वाढला. त्यानं कधी अंथरूण भिजवलं? एकदाही नाही. का? धाक होता!"

अमरदीप आजवर बापापुढं मोठ्यानं बोलला नव्हता. मोबाइलवर बोलतानासुद्धा उभा राहून बोलायचा. तो आताही उभाच होता.

"सातवीपर्यंत भिजवायचो, आबा."

"खोटं. मी कधी पाहिलं नाही."

"मी दिसू दिलं नाही," अमरदीप म्हणाला. "ओल्यावरच पालथा पडून राहायचो, अंगाच्या उबेनं सुकेल म्हणून. थंडीत कुडकुडायचो. तुम्ही उठवायला यायच्या आत आई येऊन गोधडी बदलायची."

गुरुजींनी बायकोकडे पाहिलं. इतक्या वर्षांत बहुधा पहिल्यांदाच त्यांनी तिला खरोखर काही विचारलं. "तुला ठाऊक होतं?"

"व्हय," सावित्रीबाई म्हणाल्या. "पोराची गोधडी मी सुकवलीय, कुत्र्याचा मी उचललाय. तुमच्या डोळ्यांआड हा घर बरा चालतो. तुमी बगायला आलात की सगळीच लपवायला लागतात."

शिपाई अंग चोरून उभा होता, पुढच्या फटक्याची वाट पाहत. गुरुजींनी हातातल्या शिमटीकडे पाहिलं. ती कुठं ठेवावी हे त्यांना कळेना. खुंटीवर नेऊन ठेवणं आता त्यांच्याच्यानं होईना. शेवटी त्यांनी ती मोडली. निगडी लवचीक असते, एका दमात मोडत नाही. पिळून पिळून, दातांपर्यंत नेऊन त्यांनी तिचे दोन तुकडे केले. कुणी त्यांना मदत केली नाही. मग त्यांनी कोपऱ्यातलं खोरं घेतलं आणि जे राहिलं होतं ते उचलून कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडे टाकलं. हे काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं, आणि ते त्यांना नीट जमलंही नाही. अर्धं खळ्यावर पसरलं.

"आम्ही तिघंही पौर्णिमेपर्यंत राहतो," दर्शना म्हणाली. "पुढचं मग बघू."

गुरुजींनी मान हलवली. ते खळ्याच्या मध्यावर आले, धोतर सावरलं, आणि गुडघे कुरकुरत असताना उकिडवे बसले. मुलांना अंगठे धरायला लावणाऱ्या माणसाला स्वतःला वाकणं फार जड गेलं.

"वेदिका," त्यांनी हाक मारली. आवाज वर्गातलाच निघाला; तो त्यांना स्वतःलाही ऐकू आला. त्यांनी घसा साफ केला आणि खालच्या आवाजात पुन्हा म्हणाले, "वेदू. ये गो. शिपाया, तूही ये."

वेदिकानं आईचा पदर घट्ट धरला. शिपाई जागचा हलला, पण त्यांच्याकडे नाही. वळसा घालून तो वेदिकाच्या मागं जाऊन उभा राहिला. दोघं दर्शनाच्या आडून गुरुजींच्या हाताकडे पाहत होती. हात मोकळा होता. तरी पाहत होती.

गुरुजींनी थोडी वाट पाहिली आणि उठायला लागले.

"बसा तसेच," सावित्रीबाई म्हणाल्या. "आमी जलमभर बसलो."